चर्चा : उत्पादन सुरू होण्याआधी आपलंच लढाऊ विमान आपण गोळ्या घालून तपासावं का?

सुकाणू (धागाकर्ता)

अमेरिकेत १९८७ पासून एक कायदा आहे. ज्यात माणूस बसून लढायला जाणार असं वाहन किंवा विमान मोठ्या संख्येने बनवायला घेण्याआधी त्यावर खरा दारूगोळा डागून बघायचा. तोही ते लढाईला निघतं त्या अवस्थेत, म्हणजे टाक्या भरलेल्या आणि हायड्रॉलिकला (तेलाच्या दाबाने विमानाचे भाग हलवणारी यंत्रणा) दाब दिलेला. ब्रॅडली या चिलखती गाडीच्या चाचण्यांवरून तिथे जो गदारोळ झाला, त्यातून हा कायदा आला. सूट मिळते, पण ती लेखी मागावी लागते आणि त्याऐवजी काय तपासणार तेही लिहून द्यावं लागतं.

आपल्याकडे असा कायदा नाही. तेजसचं उत्पादन चालू आहे. ॲम्का या पुढच्या पिढीच्या स्टेल्थ लढाऊ विमानाचे पाच नमुने बांधण्यासह विकासाला मार्च २०२४ मध्ये सुमारे १५ हजार कोटी मंजूर झाले. माझं म्हणणं एवढंच, की ॲम्काची रचना कागदावर आहे तोवरच ही अट घालावी. नंतर घातली तर कुणी ऐकणार नाही.

चर्चेसाठी दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. 'लागू नये' ही एक: उंची, वेग, स्टेल्थ (रडारला कमी दिसणं), जॅमर (शत्रूचं रडार गोंधळवणारं यंत्र), फ्लेअर (उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणारी जळती काडतुसं). 'लागलं तरी पडू नये' ही दुसरी: टाक्या, नळ्या, इंजिनांची जागा, आग विझवणं. हा धागा दुसरीबद्दल आहे.

चाचणी म्हणजे विमान उभं करून मशीनगन रिकामी करणं असं कुणाला वाटत असेल तर क्रम सांगतो. आधी धोका ठरतो: १२.७ किंवा १४.५ मिमीची चिलखतभेदी गोळी, २३ किंवा ३० मिमीचा स्फोटक गोळा, वॉरहेडचे तुकडे, खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्र. मग दर फैरीची शॉटलाइन आखतात, म्हणजे गोळी कुठून शिरून कशाकशातून जाणार ती रेघ. मग संगणकाचा अंदाज लिहून ठेवायचा: आग लागेल का, किती वेळात, कुठली नळी तुटेल. इंधन ठरलेल्या तापमानाला आणायचं. समोरून वारा सोडायचा. कॅलिफोर्नियात चायना लेकला चार टर्बोफॅन इंजिनांची हवा वळवून ५०० नॉटच्या घरातला झोत देतात. मग गोळी. काही सेकंदांत आग विझवायची, कारण तोच सांगाडा पुढच्या फैरीला लागतो. शेवटी आधीचा अंदाज आणि घडलेलं शेजारी ठेवायचं. या शेवटच्या पायरीसाठी बाकीचा सगळा खटाटोप.

(मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षात कुणाची किती विमानं पडली, त्या आकड्यांवर इथे हातघाईवर येऊ नये. तपशील कुणाकडेच नाहीत.)

तीस हजार फूट

मुळातच असहमत. कारगिलचे आठ दिवस बघा. २१ मे १९९९ ला टेहळणीवरच्या कॅनबेराला क्षेपणास्त्र लागलं. २७ मेला मिग-२७चं इंजिन रॉकेट डागल्यावर बंद पडलं आणि स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांचं मिग-२१ खांद्यावरच्या क्षेपणास्त्राने पडलं. २८ मेला एमआय-१७ पडलं, चार जण गेले. त्या हेलिकॉप्टरला फ्लेअरचं संरक्षण नव्हतं.

त्यानंतर लढाई संपेपर्यंत शत्रूच्या माऱ्यात एकही विमान गेलं नाही. काय बदललं? टाकीत फोम भरला नाही, नळ्या हलवल्या नाहीत. उंची बदलली. खांद्यावरचं क्षेपणास्त्र साडेतीन-चार हजार मीटर वर जातं. पण ते डागणारा पाच हजार मीटरच्या धारेवर बसलेला असला तर समुद्रसपाटीपासून साडेआठ-नऊ हजार मीटरपर्यंत त्याचा हात पोचतो. हे गणित कळल्यावर विमानं त्याच्या वर गेली. मिराज-२००० ने २४ जूनला टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकले ते त्याच्या टप्प्याबाहेरून. जिथे जीव गेले आणि जिथे वाचले, दोन्हीकडे फरक 'लागू नये'ने केला. मग पैसा तिथेच ओतावा.

उजवं इंजिन

तुमच्याच यादीतलं पहिलं नाव परत वाचा. कॅनबेराला क्षेपणास्त्र उजव्या इंजिनाला लागलं आणि ते विमान श्रीनगरला उतरलं. चाळीसच्या दशकातली रचना! कॅनबेराची इंजिनं पंखात, धडापासून लांब आहेत. उष्णता शोधणारं क्षेपणास्त्र सगळ्यांत गरम जागेकडे जातं, त्याने एक इंजिन खाल्लं आणि बाकीच्या विमानाने ते सोसलं. सहा दिवसांनी तशाच क्षेपणास्त्रासमोर एका इंजिनाचं मिग-२१ आलं, आणि त्याला खायला ठेवलेलं दुसरं काही नव्हतं.

दुसरं उदाहरण सोव्हिएत सुखोई-२५. अफगाणिस्तानात स्टिंगर हे खांद्यावरचं अमेरिकी क्षेपणास्त्र आल्यावर लक्षात आलं, की एका इंजिनाला लागलं की आग आणि तुकडे शेजारच्या इंजिनात जातात. दोन इंजिनं असून नसल्यासारखी. दोघांमध्ये ५ मिमी जाडीचा पोलादी पत्रा घातला, आग विझवायची सोय वाढवली. त्यानंतर स्टिंगरने सुखोई-२५ पाडल्याची नोंद नाही, असं त्यांच्याकडचे लोक सांगतात. सांगणाऱ्याचा दावा निम्मा धरला तरी एक पत्रा काय काम करतो ते कळतं. हा पत्रा युद्धात माणसं गमावून सुचला. मैदानात एक फैर झाडली असती तरी सुचला असता.

हिशेबनीस

कायद्याचं कौतुक करणाऱ्यांनी अमेरिकेच्या एफ-३५ या लढाऊ विमानाची गोष्ट पूर्ण सांगावी. २००८ मध्ये वजन कमी करायचं म्हणून त्यातून इंधनाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचे फ्यूज (नळी तुटली की गळती थांबवणारे) काढले, इलेक्ट्रॉनिक्स थंड ठेवणाऱ्या तेलाचा बंद-व्हॉल्व्ह काढला आणि कोरड्या कप्प्यांतली (टाकीशेजारच्या रिकाम्या जागांतली) आग विझवायची यंत्रणा काढली. त्यांच्याच चाचणी संचालकांच्या २०१३ च्या जानेवारीतल्या अहवालात लिहिलंय, की यामुळे विमान २५ टक्के जास्त नाजूक झालं. कायदा होता, चाचण्या झाल्या, अहवाल संसदेत गेला. विमानांची रांग चालूच राहिली. एफ-२२ला तर पूर्ण विमानावरच्या माऱ्यातून सूटच मिळाली होती.

म्हणजे कायद्याने अहवाल मिळतो, निर्णय मिळत नाही. आणि आपल्याकडे नमुने पाच. त्यांतला एक फोडायचा म्हणता? उड्डाण चाचण्यांचं वेळापत्रक वर्षभराने मागे जाईल, आणि विमान उशिरा येण्याचेही जीव मोजावेच लागतात.

सुकाणू

@हिशेबनीस, उडणारा नमुना फोडा असं कुणीच म्हणत नाही. प्रत्येक प्रकल्पात एक सांगाडा फक्त भार देऊन वाकवायला बांधतात. भाराच्या चाचण्या संपल्या की तो कोपऱ्यात पडून राहतो. त्याचे पंख, टाक्यांचा मधला भाग वापरता येतो. एफ-३५मध्येही पहिलं उडालेलं विमान निवृत्त करून चायना लेकलाच पाठवलं होतं.

आणि सरावासाठी आपल्याकडे सांगाड्यांचा ढीग आहे. मिग-२७ डिसेंबर २०१९ मध्ये निवृत्त झालं, मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ ला. चौकाचौकांत सिमेंटच्या खांबावर किती चढवणार?

हिशेबनीस

ते पहिलं एफ-३५ वजन उतरवण्याआधीच्या रचनेचं होतं. आतली मांडणी पुढच्या विमानांसारखी नाही. त्यावर मारलेल्या गोळीचा निकाल उत्पादनातल्या विमानाला लावताना पुन्हा संगणकाचाच आधार घ्यावा लागला. आणि मिग-२१ म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं ॲल्युमिनियम. तेजसच्या सांगाड्यात वजनाने ४५ टक्के कंपोझिट (धागे आणि रेझिन यांचं मिश्र साहित्य) आहे, पंखाची कातडी कार्बन फायबरची आणि पंखच टाकी. मिगवर शंभर फैरी झाडून तेजसबद्दल काय कळणार? डोंबल!

केरोसीन

दोन्ही बाजू 'विमानावर गोळी' याच चित्रात अडकल्यात. विमान पडतं ते बहुतेक वेळा भोकाने नाही. भोकानंतरच्या अर्ध्या सेकंदात इंधन काय करतं त्याने. म्हणून जरा टाकीत उतरू.

टाकी भरलेली असताना गोळी आत शिरली की तिची ऊर्जा द्रवात जाते आणि तो द्रव आतून भिंतींवर घणासारखा बसतो. याला हायड्रोडायनॅमिक रॅम म्हणतात. एका बोटाएवढ्या भोकासमोर मागची भिंत हातभर फाटलेली मिळते. टाकी रिकामी होत आली की रॅम कमी होतो, पण इंधनावरच्या मोकळ्या जागेत वाफ आणि हवा जमते, आणि तिथे स्फोटाची भीती. भरलेली टाकी फाटते, रिकामी फुटते. एकाच विमानावर एकाच उड्डाणात दोन्ही धोके पाळी बदलतात.

ॲल्युमिनियमची भिंत रॅमने फाटते तेव्हा पाकळ्या होतात, पत्रा ताणला जातो आणि काही ऊर्जा खातो. कार्बन फायबर ताणत नाही. तिथे कातडी आणि आतला आडवा आधार जिथे चिकटवलेत तो सांधा उसवतो. बाहेरून भोक लहान दिसतं, आत दीड हात लांबीचा सांधा सुटलेला असतो. तेजसच्या पंखात बरेच भाग एकत्र भाजून चिकटवलेले आहेत. त्यामुळे हिशेबनीस म्हणतात ते खरं, मिग-२१वरून या सांध्याबद्दल काहीही कळणार नाही. पण यासाठी पूर्ण विमानही नको. दोन आधारांमधला एक कप्पा, तीच जाडी, तोच चिकटवण्याचा विधी, असा टेबलाएवढा डबा बनवा. रॅमच्या पहिल्या फैरींना त्यात पाणीच भरतात, म्हणजे आगीने पुरावा जळत नाही. पाणी केरोसीनपेक्षा जड (केरोसीनची घनता ०.८ च्या आसपास), त्यामुळे नुकसान किंचित जास्त दिसतं; सुरक्षित बाजूची चूक, चालते. असे वीस डबे एका पंखाच्या किमतीत होतात.

आता आग. कोरडा कप्पा म्हणजे टाकीची भिंत आणि बाहेरची कातडी यांमधली रिकामी जागा, जिथून तारा आणि नळ्या जातात. गोळी कातडीवर ठिणगी पाडते, टाकी फोडते, आणि फवारा त्या ठिणगीच्या मागोमाग येतो. उपाय दोन. साधा उपाय: टाकीच्या भिंतीला ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पुडीचं पातळ पॅनल लावा, गोळीने ते फुटलं की पूड हवेत उडते आणि ज्योत धरू देत नाही. ना तार, ना सेन्सर. महाग उपाय: प्रकाश ओळखणारा सेन्सर आणि काही मिलिसेकंदांत वायू सोडणारं यंत्र, अमेरिकेच्या व्ही-२२ विमानाच्या पंखात आहे तसं. पुडीच्या पॅनलचा घोटाळा असा, की कुणी देखभालीत त्याला टेकून तडा पाडला तर पूड गळून जाते आणि बाहेरून पॅनल जसंच्या तसं दिसतं.

टाकीतल्या मोकळ्या जागेसाठी एक तर फोम, नाही तर नायट्रोजन. फोम दोन-तीन टक्के जागा खातो आणि थोडं इंधन स्पंजासारखं धरून ठेवतो, पण तो चालू-बंद होत नाही, कायम पहारा देतो. अमेरिकेचा पहिला पॉलिएस्टर फोम उष्ण दमट हवेत भुगा व्हायला लागला, फिल्टर तुंबले. मग पॉलिईथर आणला. तो दमट हवेत टिकला, पण इंधन भरताना स्थिर वीज साठून टाकीत ठिणग्या पडू लागल्या. शेवटी वीजवाहक फोम करावा लागला. गोव्याच्या दाभोळीसारख्या तळावर फोमचं वय कॅलिफोर्नियाच्या कागदावरून ठरवलं तर फसगत ठरलेली.

नायट्रोजन विमानातच बनवतात: इंजिनाची गरम हवा थंड करून पोकळ धाग्यांच्या गाळणीतून नेली की ऑक्सिजन वेगळा होतो. २३ मिमीच्या स्फोटक गोळ्यासमोर टाकीतला ऑक्सिजन ९ टक्क्यांच्या खाली हवा. प्रवासी विमानाला १२ चालतात. अडचण येते ती सूर मारताना. वरून झपकन खाली आलं की बाहेरचा दाब वाढतो आणि व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या नळीतून) साधी हवा टाकीत घुसते. नायट्रोजन तेवढ्या वेगाने पुरत नाही. हल्ल्याचा सूर म्हणजे नेमकी तीच वेळ जेव्हा खालून तोफा चालू असतात. जमिनीवर उभ्या केलेल्या विमानाच्या टाकीत ऑक्सिजन मोजून 'पास' म्हणणाऱ्या चाचणीत हे दिसतच नाही.

आणि तापमान, ज्यावर धाग्यात कुणी बोललंच नाही. आपल्या जेट इंधनाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला पेटण्याइतकी वाफ निघते तो) ३८ अंशांच्या वर असतो. २० अंशांच्या इंधनावर चाचणी केली तर मोकळ्या जागेत पेटण्याइतकी वाफच नसते. पेटला तर फवारा पेटतो. मे महिन्यात जोधपूरला उन्हात उभ्या विमानाच्या पंखात इंधन सहज त्या रेषेजवळ पोचतं. एकाच टाकीचे दोन वेगळे निकाल. अमेरिकी हवाई दलाने व्हिएतनामचा धडा घेऊन जेपी-४ हे चटकन पेटणारं इंधन सोडून केरोसीनवर जायला नव्वदचं दशक उजाडवलं, त्यांचं नौदल विमानवाहू जहाजांमुळे आधीच जड इंधनावर होतं.

तीस हजार फूट

केरोसीनभाऊ, दंडवत. पण यातलं सगळं तोफगोळ्यांचं आहे. आज विमान ज्याने पडतं ते क्षेपणास्त्र शेजारी फुटतं आणि शेकडो तुकडे एकाच क्षणी दोन-तीन चौरस मीटरवर फेकतं. दोन वेगळ्या नळ्या, दोन संगणक, पाइलट, सगळ्यांना एकदम. वीस डबे फोडून त्याचं उत्तर मिळणार नाही, आणि पुडीचं पॅनल त्यापुढे काय करणार?

उजवं इंजिन

शेजारी म्हणजे किती शेजारी? पाच मीटरवर फुटलं तर कुठलंच विमान वाचत नाही, मान्य. पंधरा-वीस मीटरवर फुटलं तर तुकडे पांगलेले असतात आणि मग प्रश्न तोच उरतो, ज्या चार जागी लागलं तिथे काय होतं. जॅमरचं आणि डिकॉयचं (खोट्या लक्ष्याचं) काम बहुतेक वेळा क्षेपणास्त्र गायब करणं नसतंच, ते लांब फुटायला लावणं असतं. म्हणजे तुमचं 'लागू नये' जितकं बरं चालेल तितका 'पडू नये'चा उपयोग वाढेल.

१९७१ चं सुखोई-७ आठवा: साइडवाइंडर क्षेपणास्त्र लागून अर्धं रडर (शेपटाचं सुकाणू) नाहीसं, शेपटाची चाळण, तरी तळावर परतलं.

टक्केवारी

भांडण बेरजेचं चाललंय आणि प्रकरण गुणाकाराचं आहे. समजा (आकडे हातचे आहेत, कुठल्याही खऱ्या विमानाचे नाहीत) खालून बघितलं तर विमान ३० चौरस मीटर दिसतं. त्यात टाक्या ६ चौरस मीटर, तिथे लागलं तर पडण्याची शक्यता ०.३, इंजिन ४ चौरस मीटर, शक्यता ०.६, पाइलट ०.४ चौरस मीटर, शक्यता १. गुणून बेरीज केली की १.८ + २.४ + ०.४ = ४.६ चौरस मीटर नाजूक जागा. म्हणजे लागलेल्या दर फटक्याला पडण्याची शक्यता साधारण १५ टक्के. टाक्यांचं नीट केलं आणि ०.३ चं ०.०५ झालं तर बेरीज ३.१, म्हणजे १० टक्के.

आता दर शंभर उड्डाणांत पाच वेळा लागतं असं धरा. शंभर विमानांचा ताफा प्रत्येकी तीस उड्डाणं करून आला तर उरतात ७९. फक्त टाक्या सुधारल्या तर ८६. टाक्यांना हात न लावता लागण्याचं प्रमाण निम्मं केलं तर ८९. दोन्ही केलं तर ९३. तीस हजार फूट यांची बाजू या आकड्यांत वरचढ आहे, पण लागण्याचं प्रमाण निम्मं करणं म्हणजे नवा जॅमर, आणि शत्रूने क्षेपणास्त्राचा सीकर (लक्ष्य शोधणारा डोळा) बदलला की तो आकडा रातोरात परत वर जातो. टाकीतला फोम शत्रूच्या नव्या सॉफ्टवेअरने जुना होत नाही.

दुसरं, सुखोई-७ आणि कॅनबेरा ही परत आलेली विमानं आहेत. परत आलेल्यांच्या भोकांवरून शिकायचं तर संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्डने १९४३ मध्ये सांगितलेलं विसरू नका: जिथे भोकं दिसत नाहीत तिथे लागलेली विमानं परत आलीच नाहीत. (अवांतर: हे वाल्ड भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानांना आले होते आणि डिसेंबर १९५० मध्ये नीलगिरीच्या डोंगरात विमान अपघातात सपत्नीक गेले.) लढाईतल्या नोंदींतली ही पोकळी भरून निघते ती फक्त मैदानातल्या माऱ्याने, कारण तिथे गोळी कुठे लागणार हे आपण ठरवतो.

पंखेवाला

हेलिकॉप्टरला तुमचे तीस हजार फूट कुठून आणायचे? ते झाडाच्या उंचीवर, सगळ्यांच्या टप्प्यात. तिथे 'पडू नये' हाच धंदा. अमेरिकी लष्करी हेलिकॉप्टर ब्लॅक हॉकची अट होती की मुख्य गिअरबॉक्समधलं तेल पूर्ण गळून गेल्यावरही तो ३० मिनिटं चालला पाहिजे. तेलाशिवाय चालवून दाखवायचा, गणित मांडून नाही.

गणित मांडलं की काय होतं ते नागरी एस-९२ने दाखवलं. त्याचा गिअरबॉक्स तेलाविना ११ मिनिटांच्या आसपासच टिकला. मग तेल पूर्ण जाण्याची शक्यता 'अत्यंत विरळ' आहे असं नियमातलं कलम वापरून प्रमाणपत्र घेतलं. १२ मार्च २००९ ला न्यूफाउंडलंडजवळ तेलाच्या फिल्टरचे टायटॅनियमचे स्टड तुटले, तेल गेलं, साधारण तेवढ्याच मिनिटांत हेलिकॉप्टर समुद्रात. १८ पैकी १७ गेले. तिथे गोळी नव्हती, नुसते स्टड होते. गोळीने तर तेलाची नळी रोजच तुटते असं धरावं.

पण धागाकर्त्यांच्या सरसकट अटीलाही माझा विरोध आहे. सियाचिनच्या सगळ्यांत वरच्या ठाण्यांवर चीता हेलिकॉप्टर एका फेरीला वीस-पंचवीस किलो नेतो. त्याला चिलखती सीट बसवली की रॉकेलचा एक डबाही वर जाणार नाही. तिथे चाचणी कसली मागणार?

हिशेबनीस

पंखेवाल्यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. कायदा वजन बघत नाही.

उजवं इंजिन

वजनाचा बाऊ फार होतो. अमेरिकेच्या ए-१० विमानात पाइलटभोवती असलेला टायटॅनियमचा टब साडेपाचशे किलोच्या आसपास, ते टोक झालं. पण ७ एप्रिल २००३ ला बगदादवर किम कॅम्पबेलचं ए-१० वाचलं ते टबाने नाही. दोन्ही हायड्रॉलिक गेले आणि ती केबल-दांड्यांच्या हाताने चालणाऱ्या नियंत्रणावर तासभर उडवत परत आली. याउलट अमेरिकेचंच एफ-१०५ हे लढाऊ विमान. व्हिएतनाममध्ये त्याच्या दोन हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या काही ठिकाणी शेजारी-शेजारी होत्या. एका गोळीत दोन्ही जायच्या आणि नाक आपोआप खाली. सव्वाआठशेवर विमानं बांधली, त्यांतली साडेतीनशेहून जास्त तिथे गेली, अपघात धरून. नळी अर्धा मीटर लांबून न्यायला किती किलो लागतात? मात्र हे रचनेच्या पहिल्या वर्षी करावं लागतं.

बगदादलाच २२ नोव्हेंबर २००३ ला एका मालवाहू ए-३००च्या डाव्या पंखाला खांद्यावरचं क्षेपणास्त्र लागलं. तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. नुसत्या इंजिनांच्या जोरावर उतरवलं. तीन यंत्रणा होत्या, आणि तिन्ही एकाच पंखात एका फटक्याच्या आवाक्यात. अशी जागा शोधायला गोळीही लागत नाही, आराखड्यावर शॉटलाइन काढली की पुरते.

तीस हजार फूट

हेच मला म्हणायचंय! आराखड्यावर रेघ काढून कळतं तर गोळी कशाला? संगणकात लाख रेघा काढा.

आणि 'लागू नये'ची साधनंही आपोआप चालत नाहीत, तिथेही मैदान लागतं. पुण्याच्या हाय एनर्जी मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीने जोधपूरच्या प्रयोगशाळेबरोबर केलेलं चॅफ (रडारला चकवणारे तंतू) काडतूस, ११८/आय, २०२१ मध्ये जाहीर झालं. चॅफचा तंतू रडारच्या तरंगलांबीच्या निम्मा कापतात, १० गिगाहर्ट्झला दीड सेंटिमीटर. कागदावर सोपं. प्रत्यक्षात तंतू एकमेकांना चिकटून पक्ष्याच्या घरट्यासारखा गोळा झाला की रडारला काही दिसतच नाही. फ्लेअरचंही तसंच, मॅग्नेशियमचा फ्लेअर इंजिनापेक्षा फार गरम जळतो आणि दोन रंगांत बघणारा सीकर त्याला लगेच ओळखतो. या चाचण्यांना पैसा अपुरा पडतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये बडगामला एमआय-१७ आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. त्याला फोम, पत्रा, पुडी काही वाचवू शकलं नसतं. ओळख पटवणारी यंत्रणा नीट चालू असणं, हे तिथे लागत होतं.

केरोसीन

नळी तुटेल का हे रेघ सांगते. तुटल्यावर आग लागेल का हे सांगत नाही. वाऱ्याचा झोत असेल तर कधी आग विझते, कधी भोकाच्या कडेला भोवरा धरून तिथेच ठाण मांडते. भोक दोन बोटं पुढे-मागे झालं की उत्तर फिरतं. गोळ्याचा फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) कातडीवर फुटतो की आत जाऊन, हेही कंपोझिटवर वेगळं येतं कारण कातडी मऊ लागते. संगणकात जो 'आग लागण्याची शक्यता' म्हणून आकडा भरता, तो कुणीतरी कधीतरी गोळी मारूनच काढलेला असतो. बऱ्याचदा दुसऱ्या देशात, ॲल्युमिनियमवर, दुसऱ्या इंधनाने.

म्हणून मिग-२१चे सांगाडेही मी टाकून देणार नाही. त्यांच्यावर विमान शिकायचं नाही, चाचणी शिकायची. कॅमेरा किती लांब ठेवावा, आग किती सेकंदांनी विझवावी, वाऱ्याचा झोत पंखावर सरळ बसतो की कडेने निसटतो. हे पहिल्यांदाच ॲम्काच्या पंखावर शिकायला गेलात तर पंख जाईल आणि तक्त्यात रकाने रिकामे. चंडीगडच्या चार किलोमीटरच्या रॉकेट स्लेड रुळावर डिसेंबर २०२५ मध्ये तेजसचा पुढचा भाग ताशी ८०० किलोमीटरने पळवून इजेक्शनची (पाइलटला सीटसह बाहेर फेकण्याची) चाचणी झाली. म्हणजे महाग सांगाडा, वेग आणि कॅमेरे एकत्र आणायचं कसब आहे. कमी आहे ती वाऱ्याचा झोत असलेल्या गोळीबाराच्या मैदानाची, आणि त्याला निवृत्त इंजिनं चालतात.

सुकाणू

बरं, अट बदलतो. पूर्ण विमानावरचा मारा सोडतो. त्याऐवजी तीन गोष्टी: पंखाच्या कप्प्याचे डबे, हवेच्या वाहिनीला लागून असलेल्या टाकीचा एक पूर्ण आकाराचा तुकडा (ती फुटली की इंधन थेट इंजिनात जातं, यावर आपण बोललोच नाही), आणि चालू इंजिनावर एक फैर. तिन्ही रचना गोठवण्याआधी. सियाचिनसारख्या कामाला सूट, पण लेखी. आणि दर फैरीचा अंदाज आधी सीलबंद करून विमान बनवणाऱ्यांच्या बाहेरच्या माणसाकडे ठेवायचा.

हिशेबनीस

पहिल्या दोनला हरकत नाही. चालू इंजिनाला आहे: ॲम्काची पहिली विमानं परदेशी इंजिनावर उडणार, आणि गोळी घालायला इंजिन विकत देताना तो देश त्यातले तुकडे परत मागणार. सीलबंद अंदाजाला तर सगळ्यांत जास्त विरोध होईल, कारण तिथे चुकलेल्याचं नाव लिहिलेलं असतं. तो कुणाकडे ठेवायचा ते सांगा, मग पुढे बोलू.

केरोसीन

आणि डब्यातलं इंधन किती अंशांचं, तेही त्याच पाकिटात आधी लिहा.